शिलाई मशीन कोणासाठी?

तुरुंगातून सुटलेल्याच्या हाताला काम द्या, मग माणूस आपोआप सावरतो, हे मत आपल्याकडे घट्ट बसले आहे. पुरावा म्हणून स्वतंत्रपूर पुढे केले जाते. औंध संस्थानाने १९३९ मध्ये आटपाडीजवळ कैद्यांची खुली वसाहत उभारली. पुढे शांतारामबापूंचा ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) त्याच प्रयोगावरून आला. पण हा पुरावा पुरा वाचावा. पडद्यावरची गोष्ट सहा कैद्यांच्या राबण्याची आहे. खऱ्या वसाहतीत मात्र कैद्यांना बायकामुलांसह राहता येते. मग गुण शेतीचा की संसाराचा? शिवाय तिथली माणसे शिक्षा झालेली, निवडून आणलेली.

आपल्या तुरुंगांतली बहुसंख्य माणसे तशी नाहीत. २०२२ अखेर देशातल्या ५,७३,२२० कैद्यांपैकी ४,३४,३०२ कच्चे कैदी होते. ज्यांचा गुन्हाच शाबीत झालेला नाही, त्यांना ‘सुधारायचे’ म्हणजे नेमके काय करायचे? पक्क्या कैद्याला सुटकेचा दिवस माहीत असतो. कच्चा कैदी जामिनाचा कागद पोचला की एखाद्या संध्याकाळी फाटकाबाहेर उभा. भाड्याची खोली तोवर गेलेली असते. आणि सुटला तरी खटला चालूच. कामावर खाडा करून तारखेला जायचे. तारीख चुकली तर वॉरंट. शिलाई मशीन द्या की हातगाडी, मनातला तुरुंग तारखेगणिक उघडतो. टाटा समाजविज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ प्रकल्प १९९० पासून पोलीस ठाणी, तुरुंग, न्यायालये अशा सगळीकडे काम करतो, त्यामागचे शहाणपण हेच: सावरणे सुटकेनंतर सुरू करून भागत नाही.

‘फिर्यादीचे काय?’ हा आक्षेप रास्त आहे. पण लांबलेल्या खटल्यात फिर्यादीही त्याच व्हरांड्यात ताटकळतो. दोघांच्या जखमा एकाच दिरंगाईने चिघळतात.

म्हणून समुपदेशनाआधी मी कायद्याचा कागद मागेन. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४७९ म्हणते, पूर्वी कधीही दोषी न ठरलेल्या आरोपीने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला की त्याला सोडावे. अर्ज कारागृह अधीक्षकाने करायचा. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे वगळलेले, ते समजू शकते. पण एकाहून अधिक खटले प्रलंबित असतील तरीही ही सवलत नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा शिक्का तो कायदा रद्द झाल्यावरही ज्यांच्या कपाळावरून पुसला गेला नाही, त्या पारध्यांच्या वस्तीत अंगावर एकच खटला असलेली पोरे किती सापडतील?