'गॉसिप': एका सोयरिकीची घसरण

एका बाप्तिस्म्याच्या जेवणाला आम्ही गेलो होतो. मंडपाच्या कोपऱ्यात बाळाची धर्ममाता आणि चारदोन स्त्रिया बोलत बसल्या होत्या. तिकडे बोट दाखवून एक गृहस्थ म्हणाले, "बायकांचे गॉसिप सुरू झाले!" आम्हांला हसू आले, ते निराळ्याच कारणाने. अजाणता का होईना, त्या गृहस्थांनी तो शब्द त्याच्या माहेरीच आणून पोचवला होता.

प्राचीन इंग्रजीत हा शब्द 'गॉडसिब' असा होता. 'गॉड' म्हणजे देव आणि 'सिब' म्हणजे नातलग. भावंडासाठी असलेल्या 'सिब्लिंग' या शब्दातही हाच 'सिब' आहे. जे बालकाचे धर्मपिता वा धर्ममाता होत, ते त्याच्या आईबापांचे 'गॉडसिब', म्हणजे देवाघरचे सोयरे ठरत. हे नाते नावापुरते नव्हते. यॉर्कचे आर्चबिशप वुल्फस्टन यांनी १०१४ च्या सुमारास, डॅनिश आक्रमणांच्या धामधुमीत, आपल्या प्रवचनात लोकांच्या पापांचा पाढा वाचला. त्यात धर्मसोयऱ्यांच्या आणि धर्मलेकरांच्या हत्येचाही उल्लेख आहे. अशा सोयऱ्यांत विवाहही निषिद्ध असे. ट्रेंट परिषदेने १५६३ साली हे निर्बंध आटोक्यात आणले आणि लॅटिन चर्चच्या १९८३ च्या धर्मसंहितेत ते उरले नाहीत.

चौदाव्या शतकात चॉसरची बाथगावची स्त्री आपल्या जिवलग मैत्रिणीला याच शब्दाने संबोधते. पुढे बाळंतिणीच्या मदतीला जमणाऱ्या स्त्रियांनाही तो लागू झाला. त्या खोलीत पुरुषांना सहसा प्रवेश नसे. आतल्या स्त्रिया वेदनेत धीर देत होत्या, नवा जीव हाती घेत होत्या. बाहेरच्यांना मात्र त्यांची वटवटच तेवढी आठवली. सोळाव्या शतकात शब्दाला चहाडखोरीचा वास येऊ लागला. डॉ. जॉन्सन यांच्या १७५५ च्या कोशात तीन अर्थ शेजारी शेजारी नांदतात: बाप्तिस्म्यात बालकाची हमी घेणारा, मद्यपानातला सोबती आणि बाळंतिणीच्या खोलीतील बायकांप्रमाणे बडबडत हिंडणारा. एकोणिसाव्या शतकात तो शब्द माणसावरून उतरून त्याच्या बोलण्याला चिकटला.

दोष एकट्या इंग्रजीचा नव्हे. फ्रेंच भाषेत 'कोमेर' म्हणजे मुळात धर्ममाता. तिच्यावरूनच कुचाळकीला 'कोमेराज' हा शब्द मिळाला. इटालियन 'कोमारे'चीही तीच गत झाली.

शब्दाची ही घसरण आता थांबवता येणार नाही. परंतु नात्याची घसरण आपल्या हाती आहे. बाळाला ख्रिस्ती जीवन जगण्यास साहाय्य करणे हे धर्मपालकाचे कर्तव्य धर्मसंहितेने आजही सांगितले आहे. आपण मात्र धर्मपिता निवडताना त्याची ऐपत पाहतो आणि छायाचित्र निघाले की त्याला विसरतो. मग उरते ते केवळ 'गॉसिप'. त्या कोपऱ्यातील स्त्रिया काय बोलत होत्या, हे आम्ही जाताना ऐकले: बाळाच्या आईला महिनाभर रात्रीची सोबत कोणी कोणी करायची, याच्या पाळ्या त्या ठरवीत होत्या.