नववीआधी शाळा बदलावी का? कासारसाई-हिंजवडी भागातल्या वालिदैनसाठी

मार्च-एप्रिल आला की आम्हा शिक्षकांकडे एकच सवाल फिरून फिरून येतो: "शाळा बदलायची म्हणतोय, काय करू?" बहुतेक वेळा तो नववी संपताना येतो, आणि तेव्हा उशीर झालेला असतो. शाळा बदलायची सोयीची वेळ दोनदाच येते, आठवी संपल्यावर आणि दहावी झाल्यावर. मधेच बदलता येत नाही असं नाही. पण नववी-दहावी ही एक जोडी आहे आणि अकरावी-बारावी ही दुसरी. जोडी तोडली की त्रास मुलाला होतो, आईबापाला नाही.

कासारसाईचंच उदाहरण घेऊ. मुळशी तालुक्यातलं हे गाव, एका अंगाला धरण, दुसऱ्या अंगाला संत तुकाराम साखर कारखाना. नेऱ्याच्या रस्त्याने निघालं की हिंजवडीचा आयटी पार्क, उलट दिशेने गेलं की सोमाटणे आणि तळेगाव. इथल्या मुलांना कधी ना कधी शाळा बदलावीच लागते. जिल्हा परिषदेची शाळा संपली की हायस्कूल शोधा, हायस्कूल संपलं की ज्युनिअर कॉलेज शोधा. भाड्याने राहणाऱ्या आपल्या कामगार कुटुंबांचं तर विचारूच नका, मालकाने खोली सोडायला सांगितली की शाळाही सुटते. त्यामुळे बदलावी का, यापेक्षा कधी बदलावी आणि कोणते कागद हातात घेऊन बदलावी, हा खरा सवाल आहे.

आरटीईची मुलं आणि आठवीची भिंत

शिक्षण हक्क कायदा २००९ चा. त्यातल्या २५ टक्के राखीव जागांवर आपल्या समाजातली बरीच मुलं खासगी इंग्रजी शाळांत पहिलीला लागली. ओबीसीसारख्या वंचित गटातून अर्ज केला असेल तर उत्पन्नाची अट नव्हती, दुर्बल घटकातून केला असेल तर वर्षाला १ लाखाची मर्यादा होती. हे मोफत शिक्षण आठवीपर्यंतच असतं, हे बऱ्याच घरांत आठवीच्या शेवटी कळतं. नववीपासून शाळा पूर्ण फी मागते आणि कायद्याने ती मागू शकते.

अशा घरांनी सातवीतच हिशोब मांडावा असं आमचं म्हणणं आहे. नववी आणि दहावी अशा दोन वर्षांची फी, बस, पुस्तकं, सहली, सगळं धरून. पेलत असेल तर मूल तिथेच राहू द्या. पेलत नसेल तर आठवी संपताच अनुदानित हायस्कुलात घाला. "नववी कशीतरी काढू, दहावीचं पुढे बघू" हा सर्वांत महाग सौदा. फी थकते, निकाल अडतो, आणि दहावीच्या तोंडावर मूल नव्या बाकावर जाऊन बसतं.

याच ठिकाणी एनएमएमएसचा विचार करायला हवा. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद आठवीच्या मुलांसाठी ही परीक्षा घेते. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२ हजार, म्हणजे चार वर्षांत ४८ हजार रुपये मिळतात. घरचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असावं लागतं. पण ही शिष्यवृत्ती सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थेच्या आणि अनुदानित शाळांतल्या मुलांसाठीच आहे. झेडपीच्या शाळेतलं हुशार पोर परीक्षा पास होतं आणि घरचे खुशीने त्याला विनाअनुदानित इंग्रजी शाळेत टाकतात. शिष्यवृत्ती तिथेच थांबते. नव्या शाळेत पाऊल टाकायच्या आधी ती अनुदानित आहे का, एवढा एक सवाल ऑफिसात विचारा.

नववीनंतर का नको

सीबीएसईत नववी-दहावी हा दोन वर्षांचा सलग अभ्यासक्रम धरतात आणि मुलाची नोंदणी नववीतच होते. थेट दहावीत प्रवेश हवा असेल तर पालकांची बदली, आजारपण असं ठोस कारण आणि मंडळाची आधी मंजुरी लागते. अकरावी-बारावीलाही तोच नियम.

राज्य मंडळात येणाऱ्या मुलाची अडचण वेगळी. दहावीला तीन भाषा असतात. गणिताचे दोन पेपर, बीजगणित आणि भूमिती, ४०-४० गुणांचे. विज्ञानाचेही दोन. इतिहास-राज्यशास्त्र आणि भूगोल वेगवेगळे. वर प्रत्येक विषयाला २० गुणांचं अंतर्गत मूल्यमापन. सीबीएसईतून आलेलं मूल गणितात कच्चं नसतं, ते मराठीत अडकतं. घरी दख्खनी किंवा उर्दू, शाळेत इंग्रजी, आणि मराठी फक्त बाजारात. नववीत आलं तर त्याला सावरायला दोन वर्षं मिळतात. दहावीत आलं तर जूनमध्ये दाखल झालेल्या मुलाची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये, मधे सणावाराच्या सुट्ट्या. हाती किती दिवस उरले ते तुम्हीच मोजा.

माध्यम बदलायचं असेल तर

हा विषय आपल्या घरांत भांडणाचा होतो, म्हणून थोडं सविस्तर. दहावीची परीक्षा राज्य मंडळ मराठी, उर्दू, इंग्रजी, हिंदी, गुजराती, कन्नड, तेलुगू आणि सिंधी अशा आठ माध्यमांतून घेतं. उर्दू माध्यमातली दहावी ही तेवढीच दहावी आहे, कमी प्रतीची नाही. "उर्दूत शिकून काय होणार" म्हणणाऱ्यांना आम्ही सांगतो की नीट आणि जेईई मेनची प्रश्नपत्रिका आज १३ भाषांत निघते, त्यात मराठीही आहे आणि उर्दूही.

पण एक सच्ची बात लपवून चालणार नाही. अकरावी सायन्स जवळपास सगळीकडे इंग्रजीतून शिकवलं जातं. उर्दू किंवा मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला पहिल्या सहामाहीत 'प्रकाशसंश्लेषण' माहीत असतं, त्याचा इंग्रजी शब्द माहीत नसतो. हुशार मुलं गप्प बसायला लागतात. यावर नववीत माध्यम बदलणं हा इलाज नव्हे. सेमी इंग्रजी हा जास्त शहाणा रस्ता आहे: गणित-विज्ञान इंग्रजीत, बाकी सगळं आपल्या जबानीत. आठवीपासून हे मिळालं तर अकरावीचा धक्का निम्मा होतो. शाळेत सेमी नसेल तर आठवीची सुट्टी लागल्यावर विज्ञान-गणिताची इंग्रजी पुस्तकं आणा आणि रोज दहा शब्द लिहून घ्या. महागडा क्लास लावण्यापेक्षा हे बरं.

उलटा बदल, म्हणजे इंग्रजी शाळेतून थेट नववीत उर्दू माध्यमात, आम्हाला पटत नाही. उर्दू यावी ही इच्छा रास्त आहे, पण ज्या मुलाने कधी उर्दूत चार ओळी लिहिल्या नाहीत त्याच्याकडून इतिहासाचा पेपर उर्दूत लिहून घेणं हा जुलूम आहे. राज्य मंडळात संयुक्त भाषांची सोय आहे, त्यात उर्दूही येते. शाळा ती शिकवत असेल तर तिथून सुरुवात करा, नाहीतर घरी शिकवा.

हिफ्ज करून परतलेल्या मुलांचं काय, असंही विचारलं जातं. आठवीपर्यंत वयानुरूप वर्गात प्रवेश हा मुलाचा कायदेशीर हक्क आहे, म्हणून शक्यतो आठवीच्या आत शाळेत नाव घाला. वय निघून गेलं असेल तर १७ नंबरचा फॉर्म भरून खासगी विद्यार्थी म्हणून दहावीला बसता येतं, एनआयओएसचा मार्गही आहे.

दहावीनंतर: जवळचं कॉलेज की लांबचं नाव

२०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश सगळ्या महाराष्ट्रात एकाच ऑनलाइन पद्धतीने होतात. आधी ही पद्धत पुणे-पिंपरी-चिंचवड, मुंबई अशा मोठ्या शहरांपुरतीच होती. आता कासारसाईच्या मुलालाही पसंतीक्रम भरावा लागतो, जास्तीत जास्त दहा कॉलेजांचा. पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं तर तिथे प्रवेश घ्यावाच लागतो, नाही घेतला तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून नाव जातं. म्हणून पहिल्या क्रमांकावर फक्त नाव मोठं म्हणून कॉलेज टाकू नका.

अल्पसंख्याक संस्थांच्या कॉलेजांत त्या समाजासाठी वेगळा कोटा असतो. पुण्यात कॅम्पातल्या आझम कॅम्पसकडे आपली नजर त्यासाठीच जाते. पण कासारसाईहून कॅम्प म्हणजे हिंजवडीची कोंडी पार करून पूर्ण शहर ओलांडणं. सोळा वर्षांच्या मुलीने रोज तीन-चार तास बसमध्ये काढायचे आणि वर सायन्सचा अभ्यास करायचा, हे कागदावर जमतं. नातेवाइकांकडे किंवा वसतिगृहात राहायची पक्की सोय असेल तरच तो पर्याय धरा. मुलीचं शिक्षण दहावीनंतर सुटतं तेव्हा कारण बहुतेक वेळा मार्क नसतात, रस्ता असतो. जवळचं साधं कॉलेज आणि न चुकता हजेरी, हे आमच्या मते चांगलं.

नीटच्या तयारीसाठी आपल्याकडून बरीच मुलं राज्याबाहेर जातात. कर्नाटकातल्या बीदरची शाहीन शिक्षणसंस्था आपल्या घरांत सगळ्यांना ठाऊक आहे. तिथे शिकणं वाईट असं आम्ही अजिबात म्हणत नाही. पण नियम माहीत असू द्या: महाराष्ट्रात एमबीबीएसच्या ८५ टक्के राज्य कोट्यातून जागा हवी असेल तर, काही अपवाद सोडता, डोमिसाइलसोबत दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातल्या संस्थेतून झालेल्या असाव्या लागतात. बारावी कर्नाटकातून केली की इथला राज्य कोटा धोक्यात येतो. देशपातळीवरच्या १५ टक्के जागा उरतात, तिथली स्पर्धा वेगळी. त्यामुळे प्रवेश घेताना बारावीचा फॉर्म कोणत्या राज्यातून भरला जाणार, हे लेखी विचारा. बाहेरच्या संस्थांच्या शाखा महाराष्ट्रातही आहेत, त्या आधी पाहा. इंजिनिअरिंगकडे जाणाऱ्यांनीही राज्य कोट्याची अट आधी वाचून घ्यावी. शिवाय एमएचटी-सीईटीत अकरावीचा भाग सुमारे २० टक्के आणि बारावीचा सुमारे ८० टक्के असतो, म्हणजे दोन वर्षं एकाच ठिकाणी नीट बसून शिकण्याला इथेही मोल आहे.

दाखला हातात घेण्याआधी

आता सर्वांत दुर्लक्षित बाब. शाळा सोडल्याचा दाखला मिळाला की आपण घडी घालून पिशवीत टाकतो. तो शाळेच्या खिडकीतच उभं राहून वाचा. नाव 'मोहम्मद' आहे की 'मुहम्मद', 'शेख' आडनावात आहे की नावाच्या आधी, वडिलांचं नाव आधारशी जुळतं का, जन्मतारीख जन्मदाखल्याप्रमाणे आहे का. दहावीच्या बोर्ड सर्टिफिकेटवर हेच नाव चढतं आणि पुढे पासपोर्टपर्यंत तेच चालतं. मूल शाळेत असताना दुरुस्ती पुराव्यानिशी मागता येते. नाव कमी झाल्यावर जनरल रजिस्टरला हात लावायला शिक्षणाधिकाऱ्यांची मंजुरी लागते आणि महिने जातात.

जातीचा रकाना तर डोळ्यांत तेल घालून बघा. तांबोळी, बागवान, अत्तार, पिंजारी, मोमीन अशा कितीतरी मुस्लिम बिरादऱ्या राज्याच्या ओबीसी यादीत आहेत. पण दाखल्यावर धर्म 'मुस्लिम' आणि जातही 'मुस्लिम' असं लिहिलेलं आम्ही वर्षानुवर्षं बघतो. असा दाखला घेऊन ओबीसीचं प्रमाणपत्र काढायला गेलं की प्रांत कार्यालयात फेऱ्या सुरू होतात. तिथे १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा वास्तव्याचा आणि जातीचा पुरावा मागतात, म्हणून आजोबांचा शाळेचा दाखला किंवा गावचा जुना महसुली कागद शोधून ठेवा. व्यावसायिक अभ्यासक्रमासाठी पुढे जातपडताळणीही लागते. ती बारावीनंतर सुरू केली तर प्रवेशाची तारीख हुकते.

फी थकली म्हणून शाळा दाखला अडवत असेल तर घाबरू नका. आठवीपर्यंत दाखल्याला उशीर झाला म्हणून नवीन शाळेला प्रवेश नाकारता येत नाही, हे कायद्यातच लिहिलं आहे. २०२१ मध्ये शालेय शिक्षण विभागाने दहावीपर्यंत सरकारी आणि अनुदानित शाळांनी दाखल्यासाठी मूल अडवू नये, असा आदेशही काढला. जुनी शाळा यूडायस प्लसवर नाव सोडते की नाही, याचा पाठपुरावा मात्र तुम्हालाच करावा लागतो. पोर्टलवर मूल जुन्याच शाळेत दिसत राहिलं तर ऑक्टोबरच्या सुमारास दहावीचा फॉर्म भरताना सगळं अडतं. जून संपायच्या आत नव्या शाळेच्या क्लार्कला विचारून घ्या, नाव आलं का.