तलावा गोश्त

तलावा गोश्त : मांस आधी शिजवून, पाणी पूर्ण आटवून, मग तेलात कोरडे परतण्याचा दखनी घरगुती प्रकार. ‘तला हुआ गोश्त’ असेही म्हणतात. हैदराबादी स्वयंपाकातला हा पदार्थ. मराठवाडा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात असल्याने नांदेडकडच्या चुलीला तो परका नाही. बकऱ्याचा तसाच ‘बडे का’, म्हणजे मोठ्या जनावराचा, दोन्ही करतात. ही नोंद ‘बडे का’ची, म्हणजे म्हशीच्या मांसाची, आहे.

कृती : बिनहाडाच्या अर्धा किलो बोट्यांना आले-लसणाचे वाटण, हळद, तिखट व मीठ चोळतात आणि जेमतेम पाण्यात कुकरला लावतात. झाकण काढून उरलेले पाणी मोठ्या आचेवर आटवले, की तेल, कढीपत्ता व हिरवी मिरची घालून कडा तांबूस होईतो परततात. कोथिंबीर, लिंबू शेवटी. परतणे दहा मिनिटांचे. वेळ जातो तो कुकरात. म्हशीच्या मांसात चरबी कमी आणि धागा जाड असतो. त्यातली चिवट ऊती ओल्या उष्णतेतच विरघळते. कच्च्या बोट्या थेट कढईत टाकल्या तर त्या वातड होतात. अपवाद ‘अंडरकट’चा. पाठीच्या आतल्या बाजूचा हा स्नायू फारसा वापरला जात नाही, म्हणून मऊ राहतो. धाग्याला आडवा, पातळ कापून तो कच्चाच परतता येतो. मात्र थोडा थोडा, कारण कढई भरली की मांसाला पाणी सुटते आणि ते उकडते. इतर तुकड्यांना कच्च्या पपईचा कीस लावतात. तो जास्त वेळ ठेवला तर मांसाचा लगदा होतो.

भाजी : दखनी घरांत मांसात भाजी घालण्याची रीत जुनी, पण ती रश्शाची : अंबाडी, दोडका, भेंडी. ढोबळी मिरची, गाजर, कोबी मोठ्या आचेवर करकरीत ठेवून मांसात मिसळणे हा बहुधा चायनीज गाड्यांचा संस्कार. भाजी वेगळी परतून शेवटी मिसळावी. एकत्र टाकल्यास दोन्ही बिघडतात.

चान्या : मराठवाड्यातल्या महार-मांग वस्त्यांत मांसाच्या लांब पट्ट्या उन्हात वाळवून ठेवत, त्या चान्या. निखाऱ्यावर भाजून किंवा कालवणात घालून त्या खात. शाहू पाटोळे यांच्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ (२०१५) या पुस्तकाने हे अन्न पहिल्यांदा सविस्तर मांडले. भूषण कोरगावकर यांनी केलेला इंग्रजी अनुवाद २०२४ मध्ये आला. मार्च १९२७ च्या महाड परिषदेत डॉ. आंबेडकरांनी मृत जनावराचे मांस सोडण्याचे आवाहन केले होते, त्यामुळे या अन्नाच्या आठवणींकडे समाजात एकाच नजरेने पाहिले जात नाही. तरी दहा मिनिटांत परतून होणाऱ्या अशा झटपट जेवणाचे इथले खरे पूर्वज चान्याच : कष्ट आधीच उन्हात उरकलेले.

कायदा : महाराष्ट्र प्राणी रक्षण अधिनियम १९७६ चा. विधिमंडळाने १९९५ मध्ये मंजूर केलेली दुरुस्ती राष्ट्रपतींच्या संमतीनंतर मार्च २०१५ मध्ये लागू झाली. गाईबरोबर बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली. पाच वर्षांपर्यंत कैद व दहा हजार रुपयांपर्यंत दंड. म्हैस बंदीबाहेर राहिली, पण कत्तलीपूर्वी प्रमाणपत्र लागते. परराज्यात कापलेल्या गोवंशाचे मांस जवळ बाळगणे गुन्हा ठरवणारे कलम ५-ड मुंबई उच्च न्यायालयाने ६ मे २०१६ रोजी खासगीपणाच्या हक्काच्या आधारे रद्द केले. कत्तलबंदी कायम ठेवली. आज महाराष्ट्रात कायदेशीर दुकानावर ‘बीफ’ म्हणून मिळते ते म्हैसवर्गाचे मांस.

 

वाढणी : बगारा खाना (फोडणीचा भात) व खट्टी दाल यांबरोबर, किंवा ज्वारीच्या भाकरीशी.