कातडें, चुना आणि लोणारचें पाणी

‘आईन-इ-अकबरी’ या ग्रंथांत वऱ्हाड सुभ्याचें वर्णन करतांना अबुल फज्लनें मेहकरच्या मुलखांतील लोणारचा उल्लेख केला आहे. तेथील खाऱ्या तळ्यांत कांच आणि साबण यांना लागणारीं द्रव्यें मिळतात, असें तो लिहितो. या तळ्याचा कातड्याच्या धंद्याशींही कधीं संबंध जुळेल, हें त्या काळीं कोणाच्या स्वप्नींही नसेल.

कातडें म्हणजे चिवट तंतूंची घट्ट वीण. हे तंतू कोलॅजेन नांवाच्या प्रथिनाचे असून त्यांच्यामध्यें दुसरीं प्रथिनें गोंदासारखीं भरलेलीं असतात. हा गोंद तसाच राहिला तर वाळलेलें कातडें फळीसारखें ताठ होतें. चुन्याच्या हौदांत केस सुटतात व गोंद थोडा सैल होतो. पुढें बाभळीच्या सालीच्या रसांत कातडें पक्कें होतें. वऱ्हाडांतील विहिरींवर पूर्वीं चालणारी मोट अशा कातड्याची असे. तिला मऊपणापेक्षां बळ हवें. मोटेवांचून गांवची बागायत चालत नसे. कातडें कमावणाऱ्या ढोर समाजाची वस्ती मात्र गांवकुसाबाहेर ठेवलेली!

हातमोज्यांच्या कातड्याची गोष्ट निराळी. त्यासाठीं युरोपांतील कारागीर चुन्यांतून काढलेलीं कातडीं कुत्र्यांची किंवा कबुतरांची विष्ठा कालवलेल्या कोमट पाण्यांत बुडवीत. काम ओंगळ, आणि बेभरंवशाचेंही. वेळ कमी पडला तर कातडें राठ राही. अधिक झाला तर वीण ढिली पडून ताण सोसण्याची शक्ति घटे. परीक्षा एकच : अंगठा दाबावा, ठसा उमटून राहिला म्हणजे झालें.

विष्ठेंतील गुण पाचक द्रव्यांचा, म्हणजे एन्झाइमांचा आहे, हें ध्यानांत घेऊन जर्मनींत ऑटो र्‍योम यानें जनावरांच्या स्वादुपिंडांतून तीं द्रव्यें मिळविलीं. ऑटो हास याच्यासह त्यानें 1907 सालीं कंपनी काढली व ‘ओरोपॉन’ या नांवानें तें द्रव्य विकलें. तें आधीं गोंदावर चालतें, कोलॅजेनच्या तंतूंस सहसा शिवत नाहीं. म्हणूनच बळ राखून मऊपणा साधतो.

केस काढण्याचा चुना व सल्फाइड मात्र राहिलेच, आणि त्यांचें सांडपाणी फार घातक. 1948 सालीं मद्रासेस स्थापन झालेल्या केंद्रीय चर्मसंशोधन संस्थेनें त्यांच्याऐवजीं एन्झाइम वापरण्यावर पुष्कळ काम केलें. अशा कामीं क्षारांत टिकणारीं एन्झाइमें लागतात. लोणारच्या तळ्यांतून तीं निर्माण करणारे जीवाणू संशोधकांनीं वेगळे काढले आहेत. अंगठ्याची परीक्षा कारखान्यांतून अद्याप चालूच आहे.