मॅराडोनाची निळी जर्सी : मालक एक, वारसदार अनेक

मेक्सिको सिटीच्या अॅझ्टेका स्टेडियमवर २२ जून १९८६ रोजी विश्वचषक फुटबॉल स्पर्धेतील अर्जेंटिना-इंग्लंड हा उपांत्यपूर्व फेरीचा सामना झाला. फॉकलंड युद्धाला तेव्हा चारच वर्षे लोटली होती. त्या पराभवाचे शल्य बाळगणाऱ्या अर्जेंटिनाने हा सामना २-१ असा जिंकला. दिएगो मॅराडोनाने उत्तरार्धात पहिला गोल चक्क हाताने केला, तर चार मिनिटांनी दुसरा गोल इंग्लंडचा निम्मा संघ चकवून केला. ‘देवाचा हात’ आणि ‘शतकातील सर्वोत्तम गोल’ या दोन्हींची साक्षीदार एकच निळी जर्सी ठरली.

अर्जेंटिनाची खरी ओळख आकाशी-पांढऱ्या पट्ट्यांची. निळी जर्सी पर्यायी. आधीच्या फेरीत उरुग्वेविरुद्ध वापरलेली जर्सी पावसात भिजून जड झाल्याने प्रशिक्षक कार्लोस बिलार्डो यांनी हलक्या कापडाचा आग्रह धरला. नव्या जर्सी शिवून येण्याइतका वेळ नव्हता. अखेर मेक्सिको सिटीतील दुकानातून तयार जर्सी आणल्या गेल्या. त्यांवर बोधचिन्ह हाताने शिवण्यात आले आणि अमेरिकन फुटबॉलसाठीचे चंदेरी आकडे इस्त्रीने चिकटवण्यात आले. राष्ट्राचे प्रतीक ठरलेले हे वस्त्र असे घाईघाईत सिद्ध झाले होते.

सामना संपल्यावर जर्सींची अदलाबदल करण्याची फुटबॉलमध्ये जुनी प्रथा आहे. त्यानुसार मॅराडोनाची जर्सी इंग्लंडच्या स्टीव्ह हॉजकडे गेली. पहिल्या गोलाआधी मॅराडोनाकडे चेंडू उडवणारा चुकीचा फटका याच हॉजचा होता. त्याने २००२च्या सुमारास ती इंग्लंडच्या राष्ट्रीय फुटबॉल संग्रहालयाला प्रदर्शनासाठी दिली. सुमारे वीस वर्षे ती तेथे सर्वांना पाहता येत होती.

मे २०२२ मध्ये सॉथबीजच्या लिलावात या जर्सीला ७१ लाख पौंडांहून अधिक किंमत आली. लिलावापूर्वी मॅराडोनाच्या कन्येने ही जर्सी गोलविरहित पूर्वार्धातील असल्याचा दावा केला होता. बोधचिन्ह, पट्टे आणि आकडे यांचे बारकावे सामन्यातील छायाचित्रांशी ताडून सॉथबीजने तो फेटाळला. घाईत हाताने केलेले कामच अशा वेळी ओळख पटवण्यास उपयोगी पडते, कारण असे दोन नग तंतोतंत सारखे नसतात.

अशा वस्त्रांचे जतन नाजूक असते. प्रकाशाने रंग उडतो, म्हणून वस्त्रदालनात साधारणतः ५० लक्स इतकाच मंद उजेड ठेवतात. धुलाईने घाम व मातीचे डाग जातात आणि त्यांबरोबर इतिहासाचा पुरावाही. आकडे चिकटवणारा थर कालांतराने भेगाळतो.

परंतु कापडापेक्षा कठीण प्रश्न हक्काचा आहे. अदलाबदलीत मिळालेली वस्तू कायद्याने घेणाऱ्याचीच. तथापि नोव्हेंबर २०२० मध्ये मॅराडोनाच्या निधनानंतर शोकाकुल झालेल्या राष्ट्राला ती आपली वाटणे स्वाभाविक होते. जर्मनीच्या लोथार मॅथॉसने वेगळा मार्ग निवडला. १९८६ च्या अंतिम सामन्यात मध्यंतराला मिळालेली मॅराडोनाची जर्सी त्याने ऑगस्ट २०२२ मध्ये माद्रिद येथील अर्जेंटिनाच्या दूतावासात, तेथील एका संग्रहालयात ठेवण्यासाठी सुपूर्द केली.

खासगी तिजोरीत कापड कदाचित अधिक सुरक्षित राहील. मात्र ज्या स्मृतीमुळे त्या कापडाला मोल आले, ती लोकांच्या नजरेसमोरच टिकते.