चौऱ्यांशीचा शिलालेख

पंढरपूर येथील श्रीविठ्ठलमंदिरातील यादवकालीन मराठी शिलालेख. शके ११९५ ते ११९९ (इ. स. १२७३–७७) या अवधीत मंदिराला दान देणाऱ्यांची व त्यांच्या दानाची ही जंत्री होय. राजाज्ञा कोरलेल्या ताम्रपटांहून तिची जात निराळी आहे; कारण दानाचा सोहळा एकदाच वर्णून हा लेख संपत नाही, तर वर्षामागून वर्षे नवी नावे जमेस धरली जातात, आणि खुद्द यादवराजा रामचंद्र व त्याचा श्रीकरणाधिप (राजदप्तराचा प्रमुख) हेमाद्री यांच्या पंक्तीला, एरवी इतिहासाने ज्यांची दखलही घेतली नसती, अशी माणसे येऊन बसतात. प्रशस्तीचा दगड येथे कीर्दीच्या कामी आला, असे म्हणावयास हरकत नाही.

देवस्थानाचा व्यवहार शिळेवर नोंदविण्याची रीत त्या काळी रूढच होती. याच मंदिरातील शके ११५९ चा लेख होयसळ राजा सोमेश्वराने देवाच्या अंगभोग-रंगभोगासाठी (पूजा व उत्सवांसाठी) दिलेल्या ग्रामदानाचा आहे. चाळीसगावनजीकच्या पाटण येथील शके ११२८ चा लेख तर याहून बारकाईचा : भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनार्थ त्यांचा नातू चांगदेव याने स्थापिलेल्या मठाला बाजारातून काय पोचावे, हे तेलाच्या घाण्यामागे पळीभर तेलापर्यंत त्यात नमूद आहे.

प्राचीन इजिप्तमध्ये दगड याच कामी येई, पण वेगळ्या भावनेने. राजांची थडगी खोदणाऱ्या कारागिरांच्या दैर अल्-मदीना या वस्तीतील लेखनिक चुनखडीच्या टाकाऊ कपऱ्यांवर शाईने हजेरी, शिधा, उसनवार टिपून ठेवीत. दुसऱ्या रामसेसच्या ४० व्या वर्षाच्या एका कपरीवर तर कामगारांच्या गैरहजेरीची कारणेही आहेत : कोणी आजारी, कोणाला विंचू चावलेला, कोणी घरी मद्य गाळीत बसलेला. काम सरताच कपऱ्या फेकून दिल्या जात, आणि फेकल्या गेल्या म्हणूनच त्यांतील हजारो वाचल्या.

पंढरपूरच्या शिळेचे प्राक्तन नेमके उलटे. तिला पाठ घासली असता चौऱ्यांशी लक्ष योनींचा फेरा चुकतो, या श्रद्धेने भाविकांनी ती पिढ्यान्‌पिढ्या घासली. लेखाला नाव मिळाले ते यावरून, आणि अक्षरे झिजली तीही यामुळेच. झिजलेल्या अक्षरांतून हा लेख वाचण्यासाठी श्रम घेतलेल्यांत ग. ह. खरे यांचे नाव प्रथम घ्यावे लागते; शं. गो. तुळपुळे यांनी ‘प्राचीन मराठी कोरीव लेख’ (१९६३) या संग्रहात त्याचा समावेश केला आहे.