घोंगडीचं सूत कुणाच्या हातचं?



घोंगडी कुणी केली असं विचारलं, की आपण लगेच सांगतो, सणगरानं. माग त्याचा, विणकाम त्याचं, हे खरंच आहे. पण मागावर चढायच्या आधी ते सूत कुठून आलं? ते आलं धनगरवाड्यातल्या बायकांच्या रहाटावरून. रहाट म्हणजे चरखा. आज आपण त्याच्याविषयी बोलूया.

आपल्या भागातली मेंढी दख्खनी. तिची लोकर काळी, आखूड आणि राठ. वर्षातून दोनदा मेंढ्या कातरतात. कातरणं बहुतेक पुरुषांकडे. मग लोकरीतली कुसळं, काटे वेचायचे, कमानीच्या तातीनं ती पिंजायची, पेळू करायचे आणि कातायला बसायचं. एका हातानं चाक फिरवायचं, दुसऱ्या हातानं पेळू मागं ओढत न्यायचा. चातीच्या टोकाशी पीळ बसत जातो. हात पुरेल तेवढं सूत निघालं, की ते चातीवर गुंडाळायचं आणि पुन्हा ओढायचं. पीळ कमी पडला तर सूत मागावर तुटतं, जास्त झाला तर त्याला वेटोळी पडतात. हा अंदाज बोटांनाच असतो, तो कुठं लिहून ठेवलेला नाही. पुढं सणगर ताण्याला चिंचोक्याची खळ लावतो आणि खड्ड्याच्या मागावर घोंगडी विणतो.

चरख्याच्या आधी होती टकळी. चरखा आपल्या देशात किती जुना? इतिहासकार एका फारसी ग्रंथाकडे बोट दाखवतात. इसामी नावाच्या कवीनं बहमनी राजवटीत, इथं दख्खनमध्येच, 1350 साली तो पुरा केला. त्यात रझिया सुलतानाची हकीकत आहे. रझियानं 1236 ते 1240 दिल्लीचं तख्त सांभाळलं. ते इसामीला रुचलं नव्हतं. राज्य करणं बाईचं काम नव्हे, तिनं चरख्यापाशी बसावं, असा त्याच्या म्हणण्याचा अर्थ. त्याला बाईला कमी लेखायचं होतं. पण त्याच्या बोलण्यातून एक साक्ष मात्र आपल्याला मिळाली. चरखा तेव्हाच घरोघरी बाईच्या हाती होता.

युरोपातही तसंच होतं. तिथं घरात दोन तऱ्हेचे चरखे असत. लोकरीचा चरखा मोठा. बाई उभी राहून एका हातानं चाक फिरवायची आणि सूत ओढत मागं सरकत जायची. रीत आपल्या रहाटाचीच. दुसरा चरखा तागाच्या कापडाचा, म्हणजे लिननचा. लिनन होतं जवसाच्या झाडाच्या खोडापासून. हो, आपण जिची चटणी करतो तेच जवस! आपण ते पिकवतो तेलासाठी, चटणीसाठी. तिकडं खोड कुजवून, झोडपून लांब तंतू काढत. लांब तंतू सारखा सोडायला दोन्ही हात लागतात आणि बोटंही ओली करावी लागतात. म्हणून तो चरखा पुढं पायानं चालू लागला. बाई खुर्चीवर बसायची आणि हात मोकळे राहायचे. इंग्रजीत बिनलग्नाच्या बाईला ‘स्पिन्स्टर’ म्हणत. त्या शब्दाचा मूळ अर्थ सूत कातणारी.

आता हिशेबाकडे येऊ. विणायला लागतो त्याहून कितीतरी जास्त वेळ कातायला लागतो. एक माग चालता ठेवायला अनेक जणींचे हात लागत. तरी नाव झालं विणणाऱ्याचं. कातणं हे ‘घरातलं काम’ ठरलं. मेंढरामागं चालून, भाकरी थापून, पोरं निजवून उरलेल्या वेळातलं. उरलेल्या वेळाची मजुरी कोण मोजणार? पुढं 1764 च्या सुमारास इंग्लंडात हारग्रीव्ह्जनं एकाच वेळी अनेक सुतं कातणारं यंत्र केलं. गिरण्या आल्या, आणि आधी रिकामे झाले ते घरातल्या कातणारणींचे हात.

आपल्याकडं लोकरीचा रहाट त्यानंतरही बराच काळ फिरत राहिला. आता तोही थांबत चाललाय. गिरणीची ब्लँकेटं स्वस्त मिळतात. पावसात प्लास्टिकचा कागद चालतो. मटणाला भाव आहे, म्हणून कमी लोकरीची माडग्याळ मेंढी वाढतेय. लोकरीच्या पैशातून कातरणीची मजुरीही सुटत नाही, म्हणून कुणी कुणी ती टाकून देतात. पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत भंडाऱ्याबरोबर हीच लोकर उधळतात. देवाला वाहायला तिचा मान आहे, बाजारात मात्र मोल नाही.

म्हणून आमचं एवढंच सांगणं आहे. तुमच्या गावात, शेजारच्या वाडीत रहाटावर बसलेली एखादी आजी असेल. तिच्याकडं जा. सूत कसं ओढायचं ते हातानं शिकून घ्या, नुसता फोटो काढून परतू नका. आणि एखादा गट घोंगडी किंवा लोकरीची आसनं करून विकणार असेल, तर किंमत ठरवताना वहीत दोन रकाने वेगळे आखा. एक विणण्याच्या मजुरीचा, एक कातण्याच्या मजुरीचा. कातायला किती तास गेले ते त्यात रोजच्या रोज लिहा. शेकडो वर्षं जो वेळ कुणी मोजला नाही, तो आपल्या वहीत तरी मोजला जाऊ दे.